ज्याचा बिल्ला, त्याचाच हात

डावा तळहात पुढे, आणि नजर तळहातावर नाही, समोरच्याच्या तोंडावर. मग प्रश्न, "आला का वर?"

आता तुम्हीच सांगा. माणूस समोर उभा आहे. अंगाला मँगनीजची काळी भुकटी, डोक्यावर बत्तीची टोपी, भुकेने जीव कासावीस झालेला. तो वर आला नसता तर समोर कसा दिसला असता? पण हे बत्तीबाबूंना सांगायची सोय नव्हती. समोरचा तोंडाने "आलो" म्हणेपर्यंत ते मूठ मिटायचे नाहीत, आणि त्यांनी मूठ मिटेपर्यंत मागची रांग हलायची नाही. मागून शिव्या यायच्या. त्या ते खुशाल ऐकून घ्यायचे.

तुमसरच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून, मँगनीजच्या खाणी आहेत. त्यातल्या एका भुयारी खाणीवर मी हाजरी लिहायच्या कामाला होतो आणि ते बत्तीघरात. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला एक बत्ती आणि नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला ते द्यायचे. माणूस वर आला की बिल्ला परत त्यांच्या हातात, आणि तिथून भिंतीवरच्या फळीवर, आपापल्या खिळ्याला. सगळे खिळे भरले की पाळी सुटली. एक जरी खिळा रिकामा असला तरी एक माणूस अजून जमिनीच्या पोटात आहे असं समजायचं.

इथपर्यंत सगळ्याच खाणींत असतं. पुढचा नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. "ज्याचा बिल्ला, त्याचाच हात." दोस्ताचा बिल्ला दोस्ताने आणून दिलेला त्यांना चालत नसे. एकदा एका मोठ्या साहेबांनी खालून आल्यावर आपला बिल्ला शिपायाच्या हाती पाठवला. पावसाळ्याचे दिवस, बत्तीघरासमोर घोटाभर चिखल. बत्तीबाबूंनी शिपायाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू खाली गेला होता का गा?"

"नाही जी."

"मंग हा तुझ्याजवळ कायले? ज्याचा बिल्ला, त्याचाच हात."

साहेब जीपमधून उतरले, चिखल तुडवत आले आणि दातओठ खात "आलो" म्हणाले. पुढे महिनाभर वसाहतीतली पोरं साहेबांची जीप दिसली की झाडाआडून "आलोऽ" म्हणून ओरडायची.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे नाकाडोंगरीचे. घरी थोडं धान व्हायचं, मूलबाळ नव्हतं. काकूंची जीभ धारेची. त्या सांगायच्या, "मी विहिरीवरून घागर घेऊन आली तरी विचारतेत, आली का? मी म्हणते, नाही जी, विहिरीतच बसली आहे." पंगतीत काका बसलेली डोकी मोजायचे. सिनेमाचा पडदा लागला की वसाहतीतून किती गेले आणि किती परतले ते मोजायचे. मला चीड यायची. माणसाने एवढंही काटेकोर असू नये, असं मी तोंडावर म्हटलं होतं. त्यावर ते म्हणाले, "खाली जाणं सोपं आहे, बाबू. वजनानं होते." मला सगळे बाबूच म्हणायचे.

शालिकमुळे मला या माणसाची किंमत कळली. शालिक माझा जिवाभावाचा दोस्त. पवनीकडच्या कोंढ्याचा, घरी एकटी आई. खाणीत छिद्रं पाडायच्या मशीनवर होता आणि गावच्या नाटकात राणीचं काम करायचा. त्यासाठी मिशी काढावी लागते म्हणून दरवर्षी माझ्यापुढे गळा काढायचा. एका उन्हाळ्यात पाळी सुटली आणि फळीवर शालिकचा खिळा रिकामा राहिला. सगळे म्हणाले, लग्नाचे दिवस आहेत, खाणीच्या मागच्या उतरणीच्या वाटेने बाहेर पडून पसार झाला असेल. मीही तेच म्हणालो. काका फळीकडे बोट दाखवून एवढंच बोलले, "बिल्ला त्याच्यापाशी आहे. म्हणजे तो खाली आहे." दोन माणसं घेऊन स्वतः उतरले. शालिक एका जुन्या बंद बोगद्यात सापडला. लघवीला म्हणून आडोशाला गेला होता. पाय दगडाखाली, बत्ती विझलेली. त्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेताना काका खाटेबरोबर धावत होते, तळहात पुढे करून. "आला का वर? शालिक, आला का गा?" तेवढ्या वेदनेतही त्याला हसू आलं. "आलो, काका." तेव्हा कुठे त्यांनी मूठ मिटली.

दीड-दोन वर्षांनी, ऐंशी सालच्या आसपास, वसाहतीतल्या आम्ही अठरा जणांनी दिवाळीच्या सुट्टीला जोडून जगन्नाथपुरीला जायचं ठरवलं. पाच घरची माणसं आणि शालिक व मी, असे दोघे सडे. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. काकांनी भंगारातले जुने बिल्ले मागून आणले, राख लावून घासले आणि तुमसर रोडच्या फलाटावर एकेकाला वाटले. अगदी कडेवरच्या पोरालाही. सगळे पोट धरून हसले. मी म्हणालो, "काका, सुट्टी आहे. खाण नाही." ते म्हणाले, "माणसं तर तीच आहेत न बापा."

पुरीला धर्मशाळेतली एक लांब खोली मिळाली. काकांनी खिडकीच्या गजांना सुतळी बांधून त्यावर अठरा आकडे लावले. बाहेर जाताना बिल्ला घ्यायचा, आल्यावर द्यायचा. आणि एक कायदा असा, की सुतळीवर अठरा बिल्ले लटकल्याशिवाय ताट वाढायचं नाही. बायांनी कपाळावर हात मारला.

समुद्र पाहिल्यावर शालिक आधी डावीउजवीकडे टोकापर्यंत नजर फिरवून आला. मग म्हणाला, "एवढं मोठं तळं! अन् याची पाळ कुठे आहे?" आमच्या भागातला माणूस दुसरं काय विचारणार. गावागावात तळं, तळ्याला मातीच्या बांधाची पाळ, पाळीखाली धान. शालिक तळ्यात पोहण्यात पटाईत होता, शिंगाडे काढायला तळाशी जायचा. पण पुरीच्या लाटा निराळ्या. उंच उठतात आणि अंगावर भिंत पडावी तशा पडतात. तिथे उंच टोकदार टोप्या घातलेले कोळी असतात, नुलिया म्हणतात त्यांना. ते हात धरून आंघोळ घालतात. पहिले दोन दिवस आम्ही त्यांचे हात धरूनच डुबक्या मारल्या, नाकातोंडात खारं पाणी घेतलं, लोळलो, पोरांपेक्षा जास्त खिदळलो. काका काठावर धोतर सावरून उभे. मोजत.

तिसरा दिवस उगवलाच पावसाचा. त्या दिवसांत तिकडे समुद्रावर वादळ उठतं म्हणे. बदाबदा पाऊस. खोलीत ओली लुगडी टांगलेली, स्टोव्हचा धूर कोंडलेला, पोरांची रडारड, पत्त्यांवरून भांडणं. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. घराकडे मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा-नाटकांचे दिवस जवळ आलेले, शालिकची नाटकाची तालीम बुडत होती, पण त्याच्या डोक्यात एकच. आईला समुद्राचं पाणी न्यायचं होतं. "देवाजवळ ठेवीन म्हणे," तो मला दहादा सांगत होता. रिकामी बाटली उशाशी घेऊन बसला होता. दुपारी पाऊस जरा मंदावला तसे आम्ही दोघांनी काकांकडून बिल्ले घेतले.

"पाण्यात उतरू नका," काका म्हणाले.

"बाटली तर भरायची आहे, काका. गेलो अन् आलो."

किनाऱ्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नुलियेही नव्हते. समुद्र मातकट झालेला आणि नुसता गरजत होता. काठाचं पाणी म्हणजे वाळू, फेस आणि कचरा. शालिकने बाटली भरली, उजेडाकडे धरली आणि ओतून टाकली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली.

"आईले हे गढूळ नेऊ काय? म्हणंल, कोंढ्याच्याच तळ्यातलं आणलं."

मी कुडकुडत होतो. पोटात कावळे ओरडत होते. "अरे पाणी ते पाणी, भर न लवकर."

"थोडं आत स्वच्छ असते," तो म्हणाला.

इथेच आमच्या माणसाची चूक झाली. तळ्याचं तसंच असतं. पावसात काठ गढूळतो आणि कमरेएवढ्या पाण्यात गेलं की नितळ पाणी मिळतं. आमच्याकडच्या बाया घागर घेऊन तशाच आत जातात. तळ्याचं पाणी माणसाला काही करत नाही, उभं राहतं. समुद्राचं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. नुलियांनी हात धरलेला असताना ते कळलंच नव्हतं.

"मी थांबत नाही बे," मी वैतागून म्हणालो.

"मंग तू जा न. माझा बिल्ला घेऊन जा. नाही तर बुढा कोणाले जेवू देणार नाही. मी आलोच मागून." त्याने बिल्ला माझ्या हातावर ठेवला आणि काठावरच्या एका बंद टपरीच्या आडोशाला सदरा काढायला लागला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

धर्मशाळेत भात शिजून तयार होता. सुतळीवर सोळा बिल्ले. पोरं भुकेने किंचाळत होती. काकांनी तळहात पुढे केला. मी दोन बिल्ले ठेवले. त्यांनी मूठ मिटली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"शालिक?"

"दाराशी आहे. पाय धुऊन राहिला."

का बोललो? भूक लागली होती म्हणून. त्यांचे ते कायदे नकोसे झाले होते म्हणून. आणि पाच मिनिटांत तो येणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. काका तसेच उभे. काकू ओरडल्या, "घ्या न जी आता! लेकरं उपाशी आहेत. दाराशी तर आहे म्हणते न तो." काकांनी सुतळीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि दोन्ही बिल्ले लटकवले. उभ्या जन्मात पहिल्यांदा. पानं वाढली गेली.

मी भरपेट जेवलो. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण जेवलो. काकांनी दोन घास खाल्ले असतील. मग खरकट्या हाताने उठून दाराकडे गेले आणि परत येऊन माझ्या पानासमोर उभे राहिले.

"बाबू, दाराशी कोणी नाही."

मी पानावरून उठेपर्यंत काका अनवाणी पळत सुटले होते. साठीला टेकलेला माणूस, पण मला त्यांना गाठता आलं नाही. पाऊस पुन्हा जोराचा आला होता. टपरीच्या आडोशाला शालिकचा सदरा घडी करून ठेवलेला आणि त्यावर चपला. बाटली नव्हती.

काका गुडघाभर पाण्यात शिरले आणि ओरडायला लागले. "शालिक! आला का? आला का गा वर?" एक लाट त्यांना आडवं करायची, ते उठायचे, तोंडातलं पाणी थुंकायचे आणि पुन्हा तेच. "आला का?" त्यांना फक्त एक शब्द ऐकायचा होता. मी काठावर उभा राहून रडत होतो, माझ्या तोंडातून शालिकचं नावसुद्धा फुटत नव्हतं. पाच-सहा नुलिये आपल्या झोपड्यांतून धावत आले. दोघांनी कमरेला दोर बांधून पाण्यात जाऊन पाहिलं, आणि लाटांनी त्यांना परत आणून टाकलं. काकांनी त्यांचे पाय धरले. "नाव काढा, बाबा. हमारा आदमी अंदर है." म्हातारा नुलिया त्यांना उठवत म्हणाला, "बाबूजी, इस पानी में नाव नहीं जाती. ये पानी ले लेता है." काका त्याचा हात झटकून पुन्हा आत निघाले. मग तिघांनी मिळून त्यांना धरून ठेवलं. धरलेले असतानाही त्यांचा डावा तळहात पुढे होता, पावसात उघडा.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. नंतर चौकीत गेलो. लिहून घेणाऱ्याने विचारलं, परत आला नाही हे इतक्या उशिरा कसं कळलं? मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "बिल्ला मी घेतला. त्याले न पाहता घेतला. चूक माझी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आणि मी, मेल्या मनाचा माणूस, तिथे गप्प उभा राहिलो.

सकाळची गाडी बाकीच्यांनी धरली. काका आणि मी आणखी तीन दिवस राहिलो. समुद्राने शालिकला परत दिलं नाही. निघताना काकांनी सुतळीवरून त्याचा बिल्ला काढून आपल्या खिशात घातला. एवढंच म्हणाले, "तो बाहेर आहे. त्याचा खिळा भरून कसा चालंल?"

कोंढ्याला शालिकच्या आईकडे ते एकटेच गेले. मी ताप आल्याचं सोंग केलं. तिथे काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात नव्या धानाच्या पोह्यांचं गाठोडं होतं. त्या माउलीने बांधून दिलं होतं, वाटेत खा म्हणून. काकांनी ते सोडलंच नाही. काकू सांगत होत्या, पोह्यांना किडे लागले तरी फेकू दिलं नाही.

त्यांनी बत्तीघर सोडलं. अर्ज देऊन बागेत पाणी घालायचं काम मागून घेतलं. नव्या बत्तीबाबूला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. एकाच्या हाती पाच-पाच बिल्ले घ्यायचा, पाळी झटपट सुटायची, लोक खूश. मी हाजरीच्या खिडकीत बसून ते पाहायचो आणि माझ्या अंगावर काटा यायचा. काका बागेतून जाता-येता कोणाला काही विचारत नव्हते. पोरं मुद्दाम जवळ जाऊन "आलोऽ, काका" म्हणायची. ते झारी घेऊन पुढे जायचे.

मी किती वेळा सांगायला गेलो असेन! "काका, त्या दिवशी मी..." एवढं झालं की ते म्हणायचे, "चहा घे, बाबू." चहा घ्यायचा आणि परत यायचं. मला झोप लागेना, लग्न झालं तरी लागेना. कोणीतरी मला गावासमोर जोड्याने मारावं असं वाटायचं, आणि मारणारा कोणी मिळत नव्हता.

काका रिटायर होऊन नाकाडोंगरीला गेले. पाच पावसाळे गेल्यावर काकूंचा निरोप आला, येऊन जा. गेलो. ते पडवीत खाटेवर, हाडं उरलेली. बाहेर रिपरिप चालू होती. काकू आत गेल्यावर मी त्यांचे पाय धरले आणि एका दमात म्हणून टाकलं, "काका, शालिक दाराशी नव्हता. मी खोटं बोललो."

"मले माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगंल? तुझं तोंड पाहिलं न मी. पंचवीस साल तोंडंच पाहिली, बाबू. तू बिल्ल्याकडे पाहून राहिला होता. मले तेव्हाच समजलं."

"मग घेतला कायले, काका?"

"लेकरं रडत होती," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "अन् मलेही भूक लागली होती."

त्यांनी उशीखाली चाचपून बिल्ला काढला. रोज हाताळून आकडा झिजून गेलेला. "इतके दिवस दोघांचं मी एकट्यानं धरलं. आता माझ्यानं होत नाही. हात कर."

मी तळहात पुढे केला. त्यांनी बिल्ला ठेवला आणि माझी बोटं एकेक करून स्वतःच मिटवली. आठ दिवसांनी ते गेले. खांदा द्यायला मी होतो.

बिल्ला माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. आता मी हाजरी लिहीत नाही, घरीच असतो. तुम्ही कधी संध्याकाळी आमच्या दारावरून गेलात तर तुम्हाला एक चक्रम म्हातारा दिसेल. पोरगी कॉलेजातून येते, दारात चप्पल काढते, आणि मी विचारतो, "आली का?"

"बाबा, दिसत नाही का तुम्हाला?" ती चिडते. बायकोने पानं घेतलेली असतात. बाहेर पाऊस असला तर मी जास्तच हट्टाला पेटतो.

"तोंडानं म्हण," मी म्हणतो. आणि ती म्हणेपर्यंत मी घरात कोणालाच जेवू देत नाही.